ग्रीनच्या खडीवर जिओटेक्स्टाइल घालायचं का?

मुरूममाती: पनवेलच्या बाजूला 18 होलचा गोल्फ कोर्स होतोय. ग्रीन (होलभोवतीची बारीक कापलेल्या गवताची जागा) स्पर्धेच्या दर्जाची हवीत, स्टिंपमीटरवर (चेंडू किती लांब घरंगळतो ते मोजायचं साधन) 10 फूट. खाली काळी माती. कंत्राटदार म्हणतो, खडीवर जिओटेक्स्टाइल (पाणी झिरपू देणारं कापड) अंथरू, वर क्रश सँड (दगड फोडून केलेली रेती) टाकू. एक ग्रीन साधारण 500 चौरस मीटर. पावसाळ्यात टिकेल का? माल किती धरू?

चाळणी: कापड अजिबात नको. रेतीतला गाळ खाली उतरून नेमका त्याच्यावर बसतो, भोकं बुजतात आणि खडी कोरडी असूनही वर चिखल राहतो. मग सगळं उकरण्याशिवाय इलाज नाही.

यूएसजीए (अमेरिकेची गोल्फ संघटना) पद्धत अशी: तळ तयार ग्रीनच्याच चढउतारांचा, पण 40 सेंमी खाली. त्यात 15 सेंमी रुंद, 20 सेंमी खोल चर, 100 मिमीचा भोकांचा पाइप, पाइपच्या दोन फाट्यांत जास्तीत जास्त 5 मीटर अंतर. वर 10 सेंमी धुतलेली खडी, त्यावर 30 सेंमी रेती. बारीक रेतीखाली एकदम जाड खडी आली की पाणी रेतीतच धरलं जातं, रेती पुरती भरली की खाली सुटतं. मे महिन्यात मुळांना तोच ओलावा पुरतो.

हिशेब: रेती 150 घनमीटर, दबल्यावर बसते म्हणून 175 धरा, म्हणजे 62 ब्रास. खडी चरांसकट 20 ब्रास.

बंकर_नको: क्रश सँडचं जरा जपून. भुकटी फार असते, कण टोकदार, घट्ट बसतात. निदान 60 टक्के कण 0.25 ते 1 मिमीचे हवेत, 0.15 च्या खालचं सगळं मिळून 10 टक्क्यांच्या आत. खाडीची रेती स्वस्त पडली तरी मीठ आणि शिंपल्यांचा चुरा बरोबर येतो. ट्रक रिकामा करण्याआधी बाटलीत मूठभर रेती, पाणी घालून हलवा. तासाभरानंतरही पाणी गढूळच असेल तर गाडी परत पाठवा. पक्कं उत्तर मात्र लॅबचंच: दाबलेल्या नमुन्यातून ताशी किमान 150 मिमी पाणी गेलं पाहिजे.

मुरूममाती: कळलं, कापड रद्द. आणि उतार?

चाळणी: पिन (होलमधली झेंड्याची काठी) लावायच्या जागी 3 टक्क्यांच्या आत ठेवा. 10 च्या वेगाला त्याहून जास्त उतारावर चुकलेला पट (ग्रीनवर हळूच मारलेला चेंडू) होलपासून लांबच घरंगळत जातो. पण सपाटही नको, वरचं पाणी निदान दोन बाजूंनी उतरलं पाहिजे, आणि खेळाडू ज्या वाटेने चढतात तिकडे तर मुळीच नाही.

बंकर_नको: जुलैत 10 चा हट्ट सोडा. ढगांमुळे बर्म्युडा गवताला ऊन मिळत नाही. एरवी 3 ते 3.5 मिमीवर कापता, तेव्हा 4.5 वर न्या. खाली कापत राहिलात तर गवत विरळ होऊन शेवाळ धरतं.