आहारातील कार्बन उत्सर्जन: वनस्पतीजन्य अन्न महत्त्वाचे की स्थानिक?

प्रश्न: आहारामुळे होणारे उत्सर्जन कमी करायचे असेल, तर आधी मांस आणि दुग्धजन्य पदार्थ कमी करावेत, की जवळ पिकलेलेच अन्न घ्यावे? दोन्ही सल्ले एका दमात दिले जातात, पण त्यांचा परिणाम सारखाच असतो का?

प्रतिसाद १: मुळीच नाही. जोसेफ पूर आणि थॉमस नेमेचेक या संशोधकांच्या २०१८ सालच्या अभ्यासानुसार अन्नपुरवठा साखळीच्या एकूण उत्सर्जनात वाहतुकीचा वाटा सुमारे ६ टक्केच आहे. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटात चारा आंबताना मिथेन तयार होतो, जो शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीस पटींहून अधिक उष्णता धरून ठेवतो. शिवाय चाऱ्यासाठी जंगलतोड होते, ती वेगळीच. त्यामुळे गोमांस शेजारच्या शेतातून आले, तरी त्याचा भार फारसा हलका होत नाही.

प्रतिसाद २: सहमत, तरीही एक अपवाद नोंदवतो. विमानाने येणाऱ्या नाशवंत फळभाज्यांना हा हिशेब लागू पडत नाही, कारण तेवढेच वजन तेवढ्याच अंतरावर नेताना विमानाचे उत्सर्जन जहाजाच्या कितीतरी पट असते. उलट, बिगरहंगामी टोमॅटो इंधन जाळून उबदार ठेवलेल्या हरितगृहात पिकवला असेल, तर तो स्थानिक असण्याला काय अर्थ? ‘स्थानिक’पेक्षा ‘हंगामी’ ही कसोटी मला अधिक भरवशाची वाटते.

प्रतिसाद ३: मांसाऐवजी चीज खाऊ लागणाऱ्यांनीही सावध राहावे, कारण एक किलो चीजचे उत्सर्जन बहुधा एक किलो कोंबडीच्या मांसाहून जास्त भरते. त्याऐवजी कडधान्ये घ्यावीत. त्यांच्या मुळांवरील गाठींतले जिवाणू हवेतील नत्र स्थिर करतात, म्हणून नत्रयुक्त खतही कमी लागते.