मदत हवी आहे: मार्च-एप्रिलमध्ये पुण्याजवळ मुलांना चतुर आणि फुलपाखरं दाखवायला कुठे न्यावं?

नमस्कार मंडळी, आमच्या सोसायटीतल्या मुलांना (दुसरी ते सातवी) होळीनंतर एखाद्या रविवारी फुलपाखरं आणि चतुर बघायला न्यायचंय. पावसाळा संपता संपता गेलं की भरपूर दिसतात हे माहितीये, पण तेव्हा कधी चाचणी कधी सहामाही, सगळ्यांना मोकळा वेळ मिळतो तो आत्ताच आणि आत्ता डोंगरातले ओढे आटत आलेले असतात. चतुर आणि टाचण्यांची (चतुरांचे सडपातळ भाऊबंद) पिल्लं वाढतात पाण्यातच, त्यामुळे जागा निवडताना आधी पाणी बघावं लागतंय.

दोन जागा डोक्यात आहेत. पाषाण तलाव जवळ आहे, तिथे नारिंगी पंखांचे डिच ज्युएल चतुर नक्की दिसतील, त्यांना घाण पाणीही चालतं, पण मला मुलांना जरा जास्त प्रकार दाखवायचेत. दुसरी सिंहगड व्हॅली. तिथे उन्हाळ्यात पक्षीवाले ज्या पाणवठ्याशी बसतात त्याच्या कडेची माती ओली राहते का? तशा मातीवर फुलपाखरं, त्यातही नरच जास्त, क्षार शोषायला उतरतात आणि एकदा सोंड टेकली की हळूच जवळ जाऊन बसता येतं. हे मुलांनी बघावं अशी फार इच्छा आहे. एप्रिलपर्यंत पाणी टिकतं का, आणि सातआठ वर्षांच्या मुलांना वाट झेपेल का, नुकतं जाऊन आलेल्या कुणी सांगाल का प्लीज?

वेळेचंही सांगा. पक्ष्यांसारखं साडेसहाला जाऊन उपयोग नाही, ऊन खाऊन अंग तापल्याशिवाय ही मंडळी नीट उडत नाहीत, आणि अकरानंतर मुलांना ऊन सोसत नाही. साडेआठ ते साडेदहा पुरेल?

तयारी म्हणून बिल्डिंगमध्येच सुरुवात केलीये. पाण्याच्या टाकीच्या भिंतीवर ग्रॅनाइट घोस्ट चतुर बसतो, करडा, काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा, पंख भिंतीला अगदी चिकटवून, समोर असून दिसत नाही. पंखाच्या टोकाजवळ गडद खूण आणि तिच्या दोन्ही कडा पांढरट, त्यावरून मुलं आता बरोबर शोधतात. कडीपत्त्यावर कॉमन मॉर्मन फुलपाखराच्या अळ्या शोधणं चालू आहे, रुईवर प्लेन टायगरच्या. राणी पाकोळी म्हणजे ब्लू मॉर्मन २०१५ पासून आपलं राज्य फुलपाखरू आहे, त्यामुळे सगळ्यांना तीच हवीये, या दिवसांत कुठे दिसली असेल तर आवर्जून लिहा.

जाळी नेणार नाही. चतुराच्या शेपटीला दोरा बांधायचा खेळ तर या मुलांना माहीतच होऊ नये असं मला मनापासून वाटतं. त्यामुळे दुर्बीण हवी, पण आमच्याकडची चारपाच मीटरच्या आतलं फोकसच करत नाही, दोन मीटरवरचं दाखवणारी भाड्याने कुठे मिळते का? आणि कुणी जाणकार दादा-ताई सोबत यायला तयार असतील तर फारच छान, जाण्यायेण्याची आणि नाश्त्याची सोय आम्ही करू. जागा एकदा ठरली की गाड्यांचं बघता येईल, म्हणून जरा लवकर कळवा.