किडनी बदलल्यानंतरची पहिली कानबाई, ६० माणसं घरात. संसर्ग कसा टाळायचा? मदत हवी आहे

केळीबाग:

चोपडा तालुक्यातलं आमचं गाव. मार्चमध्ये नवऱ्याची किडनी बदलली. सासूबाईंनी स्वतःची दिली. दोघंही बरे आहेत. प्रतिकारशक्ती दाबायला टॅक्रोलिमस सकाळ-संध्याकाळ आठच्या ठोक्याला, मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन (स्टेरॉइड), शिवाय संसर्ग टाळायला सेप्ट्रान अशा गोळ्या चालू आहेत. पहिले सहा महिने जास्त जपायला सांगितलंय, त्यातला हा पाचवा. पुढची तपासणी कानबाई (आमच्या खानदेशातला श्रावणातला देवीचा सण) झाल्यावर आहे, म्हणून इथे विचारते.

भाऊबंदकीचे रोट, म्हणजे देवीच्या नैवेद्याच्या गव्हाच्या पोळ्या, यंदा आमच्या घरी आहेत. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसेल, सोमवारी विसर्जन. पुण्या-सुरतेपासून सगळे येणार, म्हणजे साठेक माणसं. नाही म्हणायची सोय नाही, आणि मलाही म्हणायचं नाही. सासूबाईंनी रोटांसाठी घरातल्या पुरुषांच्या नावानं सव्वा-सव्वा मूठ गहू काढले, तेव्हा ह्यांच्या मुठीला त्या थांबल्या आणि पदर डोळ्यांना लावला. गेल्या वर्षी याच दिवसांत ह्यांचं डायलिसिस चालू होतं.

घरात एक गोष्ट मला कुणालाच पटवता येत नाहीये. ह्यांची प्रतिकारशक्ती आजारानं गेलेली नाही, आपणच महिन्याला एवढे पैसे मोजून ती दाबून ठेवतोय. ती जोरात आली तर आईच्या किडनीलाच परकी समजून तिच्यावर उठेल. पण ‘प्रतिकारशक्ती कमी’ एवढं ऐकलं की जो तो ती वाढवायला धावतो. आत्यासासूबाई बांधावरची गुळवेल घेऊन आल्या, स्वतः काढा उकळून बाटलीत भरून गेल्या. त्यांच्यासमोर ‘हो’ म्हटलं आणि बाटली मोरीत ओतली. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, न विचारता एकही पाला-चूर्ण नको आणि पपनस तर अजिबात नको, त्यानं टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी चढते.

तशीच एक चूक गोळ्यांत होता होता राहिली. जूनमध्ये खोकला झाला म्हणून जवळच्या दवाखान्यात नेलं. तिथे क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक लिहून दिलं. किडनीच्या गोळ्यांची चिठ्ठी मी पुढे केली होती, त्यांनी नुसती बाजूला सरकवली. पहिली गोळी द्यायच्या आत मोठ्या दवाखान्यात फोन लावला म्हणून बरं. तिकडून पहिला शब्द ‘थांबा’. त्या गोळीनंही टॅक्रोलिमस वाढतं म्हणे, आणि वाढलं की मार किडनीलाच.

आता अडचणी. कानबाईआधी घर रंगवायचं आहे. मागच्या खोलीला ओल आहे, कोपऱ्यात काळी बुरशी, रंगारी ते सगळं खरवडणार. रोट पौर्णिमेआधी घरच्यांनीच संपवायचे, म्हणजे चार दिवस शिळं खाणं आलं. नळाला पाणी आठवड्यानं येतं, टाकीत साठवतो. धाकट्या जाऊबाईंच्या बाळाला मागच्या आठवड्यात पोलिओचे आणि रोटाव्हायरसचे थेंब पाजले, आणि हे बाळाला दिवसभर मांडीवर घेऊन बसतात. शिवाय बागेत जायचा हट्ट आहेच. अडवलं की म्हणतात, “मी काय काचनं भांडं शे का?”

यातलं खरंच काय टाळायचं, आणि मी उगाच कशाला घाबरतेय? ज्यांनी हे काढलंय त्यांनी सांगा.

गिरणाकाठ:

ताई, माझ्या भावाच्या किडनीला सहा वर्षं झाली. तुमच्या यादीत मला सगळ्यात जास्त भीती खरवडण्याची वाटते, पाहुण्यांची नंतर. जुन्या ओल्या भिंतीच्या धुळीत बुरशीचे कण असतात. तुम्हा-आम्हाला काही होत नाही, ह्यांच्या फुप्फुसात ते घर करू शकतात. मास्क लावून शेजारच्या खोलीत बसवणं पुरेसं नाही. काम सुरू व्हायच्या आधी त्यांना दुसऱ्या घरी पाठवा. सगळं ओल्या फडक्यानं पुसून, धूळ बसून गेल्यावरच आणा. भुसा, कडबा, शेणखत, कबुतरांची विष्ठा यांनाही तोच नियम.

बागेत जाऊ द्या हो. माणूस घरात कोंडून खचतो, आमच्याकडे ते झालंय. फक्त खत पसरताना नको, अनवाणी नको, आणि पूर्ण बाह्यांचा सदरा. विळा-कोयता लागला तर लगेच साबणपाण्यानं धुवायचं, लाली किंवा सूज दिसली की दाखवायचं.

रोट तव्यावरून उतरलेला गरम, पहिला त्यांच्या ताटात. खीर-आमटी उकळती असतानाच वाढा. शिळं त्यांना नको. त्यांच्या वाटचे उरलेले तुम्ही खा, तुम्हीही घरच्याच ना! कोशिंबीर, उसाचा रस, बर्फ, बाहेरची चटणी बंद. पाणी खळखळ उकळी आल्यावर मिनिटभर तसंच ठेवायचं आणि झाकणाच्या भांड्यात गार करायचं. त्यात कुणी हात घालून पेला बुडवला की सगळं वाया, म्हणून आमच्याकडे तोटीचा पिंप आहे.

सिस्टर_धुळे:

बाळाचं मी सांगते. थेंबांतला लसीचा विषाणू काही आठवडे बाळाच्या शीतून बाहेर पडतो. मांडीवर घ्यायचं की नाही ते किडनीच्या डॉक्टरांना फोन करून विचारा, पण पुढचे चार ते सहा आठवडे लंगोट बदलणं आणि धुणं त्यांच्याकडे नको. बदलणाऱ्यानं दर वेळी साबणानं हात धुवायचे. थेंब पाजायच्या आधी बाळाच्या डॉक्टरांना घरात किडनी बदललेला माणूस आहे हे सांगायला हवं होतं. पोलिओची लस इंजेक्शनमधूनही मिळते. पुढच्या डोसआधी आणि पल्स पोलिओच्या रविवारआधी नक्की विचारा.

ह्यांना स्वतःला जिवंत विषाणूची कुठलीच लस नको. फ्लूचं इंजेक्शन आणि न्यूमोनियाची लस चालते, कधी घ्यायची ते किडनीचे डॉक्टर ठरवतील. घरातल्या बाकीच्यांनी फ्लूचं इंजेक्शन घेतलं तर ह्यांनाही आधार होतो.

आणि ताप. १००.४ फॅरनहाइट दिसला की पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघायची नाही, रात्री दोनला असला तरी फोन. स्टेरॉइडमुळे ताप कधी कधी चढतच नाही. त्यामुळे नुसती थंडी वाजली, दम लागला, लघवीला जळजळ झाली, जेवण गेलं, तरी तेवढंच गंभीर धरा. गोळ्या स्वतःच्या मनानं बंद करायच्या नाहीत, अगदी तापातसुद्धा.

वरणबट्टी:

मला संधिवातासाठी आठवड्यातून एकदाच मेथोट्रेक्सेट असतं, तेही प्रतिकारशक्ती दाबतं, पण तुमच्याइतकं कडक नाही. गर्दीचं एक सांगतो. आम्ही नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आधीच टाकलं, “सर्दी-खोकला असेल त्यांनी यंदा घरूनच हात जोडावेत.” दोघं रुसले, बाकीच्यांनी ऐकलं. भाऊंची खुर्ची आत देवीजवळ नको, बाहेर ओट्यावर ठेवा. तोंडाला मास्क, आणि पाया पडणं-गळाभेट लांबूनच.

केळीबाग:

सगळ्यांचे आभार. रंगारी सोमवारी येतोय, हे आणि सासूबाई उद्याच नणंदेकडे अमळनेरला जातायत. तोटीचा पिंप आणला. जाऊबाईंना लंगोटाचं सांगितलं, त्या बिचाऱ्या रडायलाच लागल्या, मग त्यांना समजावण्यात दुपार गेली. ग्रुपवरचा निरोप सासूबाईंनी स्वतःच्या आवाजात पाठवला, त्यामुळे अजून तरी कुणी रुसलेलं नाही.

आत्यासासूबाईंचा मात्र सकाळी फोन आला होता. बाटली संपली असेल तर येताना दुसरी आणते म्हणाल्या.