फिगर स्केटिंगमधली ‘उपजत’ नजाकत: गुण कशाला द्यायचे?

तापीकाठची (भुसावळ):
बाहेर 45 डिग्री, म्हणून कूलरसमोर बसून 2022 च्या बीजिंग ऑलिंपिकचं महिला फिगर स्केटिंग पुन्हा पाहिलं. जपानच्या काओरी साकामोतोला कांस्य. ट्रिपल अ‍ॅक्सल (तोंड पुढे ठेवून घेतलेली साडेतीन फेऱ्यांची उडी) नाही, चार फेऱ्यांची उडी नाही. घरात एकच निकाल: ‘तिच्यात नजाकत उपजतच आहे.’

मला हे ‘उपजत’ पटत नाही. स्केटच्या पात्याला तळाशी खोबण असते, त्यामुळे आतली आणि बाहेरची अशा दोन कडा होतात. उडी मारून साकामोतो मागच्या दिशेने सरकत, बाहेरच्या कडेवर उतरते. गुडघा मऊ खाली जातो, वेग तसाच राहतो, खरखर नाही. आपण ज्याला नजाकत म्हणतो ती या गुडघ्यात आहे. माझी आजी खापरावरचे मांडे करायची. कणकेचा गोळा हातावर झेलत झेलत कोपरापर्यंत पसरायचा. बायका म्हणायच्या, हिच्या हातालाच गुण आहे. आधी फाटलेले मांडे कुणी मोजले नाहीत.

केळीचा_घड (रावेर):
मांडे झकास, मुद्दा अर्धा. हा खेळ आहे का नाच? रशियाच्या त्रुसोवाने चार फेऱ्यांच्या पाच उड्या मारल्या आणि तिला रौप्य! उडीच्या फेऱ्या मोजता येतात, सौंदर्य कोण मोजणार? 2014 ला सोची ऑलिंपिकमध्ये रशियाच्या सोत्निकोवाला सोनं, 224.59 गुण; कोरियाच्या युना किमला रौप्य, 219.11. त्यावर लोक अजून भांडतात.

तापीकाठची:
भाऊ, आधी छोटा शॉर्ट प्रोग्रॅम, मग लांब फ्री स्केट, दोन्हींचे गुण मिळून निकाल लागतो. त्रुसोवा फ्री स्केटमध्ये पहिलीच होती, 177.13 गुण मिळवून. सोनं गेलं ते शॉर्ट प्रोग्रॅममध्ये, ट्रिपल अ‍ॅक्सलवर पडली तिथे. सोनं जिंकलेल्या शेर्बाकोवाला एकूण 255.95, त्रुसोवाला 251.73. नजाकतीवर बिल फाडू नका.

केळीचा_घड:
बरं, पडली ते खरं. पण सोचीचं काय?

धुळ्याची_मिरची:
मी दोघांशीही भांडणार. ‘नजाकत’ हा शब्दच मला खटकतो. फ्रान्सच्या सुर्या बोनालीला ‘ताकद आहे, कला नाही’ असं वर्षानुवर्षं ऐकवलं गेलं. 1998 ला नागानो ऑलिंपिकमध्ये तिने बॅकफ्लिप (मागे घेतलेली कोलांटउडी) मारून एका पायावर उतरून दाखवलं. तेव्हा ती उडी नियमबाह्य होती, 2024 ला बंदी उठली. ताकदीचं शरीर दिसलं की ‘कला नाही’, हा निकाल बर्फाचा नसून बघणाऱ्याचा.

आणि आपल्याकडे? माझी लेक सिमेंटच्या रिंकवर रोलर स्केटिंग करते. सर मुलांना म्हणतात ‘जोर लाव’, मुलींना म्हणतात ‘हसत कर’. पडून ढोपर सोललंय आणि हसत कर!

भरीतवाला (जळगाव):
😂 हे मात्र खरं हो ताई. पण मला स्वतःला उड्यांपेक्षा संगीत धरून चालणारी आवडते. सोचीत जपानची माओ असादा शॉर्टनंतर 16 वी होती. दुसऱ्या दिवशी फ्री स्केट संपल्यावर रडू आवरेना तिला. सहावी आली. पदक कुणाला मिळालं ते आठवायला मला शोधावं लागतं, ते रडणं नाही.

केळीचा_घड:
भो, त्या फ्री स्केटमध्ये तिने ट्रिपल अ‍ॅक्सल मारला होता. उडीच ती!

तापीकाठची:
उतरताना तिचा गुडघा बघा एकदा. आवाज बंद करून.