मदत हवी आहे: भुशापासून इथेनॉल, यीस्टचे बीड्स विरघळतायत

सानिका_सूक्ष्म: पुण्यात एमएस्सीचा प्रोजेक्ट करतेय. लाकडाच्या भुशाच्या हायड्रोलायसेटमध्ये (अॅसिडने भुसा फोडून काढलेलं साखरेचं पाणी) अल्जिनेट बीड्समधलं, म्हणजे जेलीच्या मण्यांत अडकवलेलं यीस्ट टाकलं. ग्लुकोजवर छान बुडबुडे येतात, पण भुशाच्या पाण्यात बीड्स लिबलिबीत होऊन विरघळतात. इथेनॉल जवळजवळ शून्य. लवकर सांगा, सबमिशन तोंडावर आलंय.

वखारकर: भुसा कुठला? भवानी पेठेत टिंबर मार्केटजवळून उचलला असेल तर त्यात प्लाय आणि एमडीएफचा (लाकडी तंतू गोंदाने दाबून केलेल्या फळीचा) चुरा असू शकतो. त्याच्या गोंदात फॉर्मल्डिहाइड असतं, यीस्टला ते विषच.

सानिका_सूक्ष्म: नाही, निव्वळ साग आहे.

जुना_केमिस्ट: अॅसिड कोणतं? पीएच कशाने आणला? बफर, म्हणजे पीएच स्थिर ठेवणारं द्रावण, कोणतं?

सानिका_सूक्ष्म: डायल्यूट सल्फ्युरिक, ऑटोक्लेव्हला १२१ अंश. मग कॉस्टिकने (सोडियम हायड्रॉक्साइड) पीएच ५.५. बफर नेहमीचाच, फॉस्फेट. ग्लुकोजला बफर नव्हता.

जुना_केमिस्ट: मग बीड्स टिकणार कसे? त्यांना कॅल्शियमने धरून ठेवलेलं असतं. फॉस्फेट ते ओढून घेतं, वर कॉस्टिकचं सोडियम त्याच्या जागी बसतं. दोन्ही बंद कर. चुन्याने पीएच १० पर्यंत चढव, गाळ, मग सल्फ्युरिकने ५.५ वर आण. जिप्सम (कॅल्शियम सल्फेट) गाळात जातं, अॅसिडने तापवताना साखरेपासून बनलेलं, यीस्टला मारक फरफ्युरालही थोडं कमी होतं. द्रावात जरा कॅल्शियम क्लोराइड ठेव.

मळीवाले: बीड्स हवेतच कशाला? आम्ही डिस्टिलरीत मळीवर आयुष्यभर सुटं यीस्टच वापरलं.

जुना_केमिस्ट: अहो, मळीत सुक्रोज, ग्लुकोज, फ्रुक्टोज असतात. इथे डायल्यूट अॅसिडने लाकडातलं मुख्यतः हेमीसेल्युलोज फुटलंय, म्हणजे मिळालं ते झायलोज, वेगळीच साखर. साधं सॅकरोमायसिस, म्हणजे नेहमीचं यीस्ट, ते खात नाही. ग्लुकोज देणारं सेल्युलोज चोथ्यात तसंच पडलंय, ते फोडायला सेल्युलेज हे एन्झाइम लावावं लागेल.

मळीवाले: तरी सुटं यीस्ट स्वस्तच पडतं.

कांडीकोळसा: भुशाच्या ब्रिकेट (दाबून केलेल्या जळणाच्या कांड्या) करा, बॉयलरवाले घेतात.

वखारकर: मुलीचा प्रोजेक्ट आहे हो, धंदा नाही. आणि सागात बुरशी-किडीला रोखणारी द्रव्यं असतात, म्हणून तर तो सहसा किडत नाही; यीस्टही बुरशीच, त्यालाही ती बाधू शकतात. आंब्याचा भुसा घेऊन बघ.

सानिका_सूक्ष्म: झायलोजसाठी दुसरं यीस्ट कुठे मिळेल? आणि चुना पानाचा चालेल का?

जुना_केमिस्ट: लॅबमधलं कॅल्शियम हायड्रॉक्साइड घे. झायलोज खाणाऱ्या पिकिया स्टिपिटिस यीस्टसाठी पाषाणला एनसीएलच्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) एनसीआयएममध्ये, म्हणजे सूक्ष्मजीवांच्या संग्रहात, विचार, गाइडचं पत्र घेऊन जा. त्याला थोडी हवा लागते, फ्लास्क घट्ट बंद करू नकोस. साखर कशाने मोजलीस?

सानिका_सूक्ष्म: डीएनएसने (रंगावरून साखर मोजायची चाचणी). भरपूर आली होती.

जुना_केमिस्ट: त्यात झायलोजही मोजलं जातं. एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) ग्लुकोज वेगळं काढ आणि आकडे इथे टाक.