शब्दचर्चा: ‘इंटरऑपरेबल’ला मराठीत काय म्हणायचं?

गोदाकाठ:
सिंहस्थाच्या वायरलेस यंत्रणेवरचं एक टिपण मराठीत करायचंय. ‘कॉमन रेफरन्स आर्किटेक्चर’वरची ‘इंटरऑपरेबल’, म्हणजे वेगवेगळ्या खात्यांचे संच एकमेकांशी थेट बोलू शकतील अशी यंत्रणा, हे मराठीत ‘सामाईक संदर्भ स्थापत्यावर आधारित आंतरकार्यक्षम संपर्क यंत्रणा’ असं लिहिलं, तर शेरा आला: ‘स्थापत्य असेल तर बांधकाम विभागाकडे पाठवा.’ शब्द सुचवा.

पंचवटीकर:
स्थापत्य राहू द्या, ‘आंतरकार्यक्षम’ आधी काढा. कार्यक्षम म्हणजे झटपट काम उरकणारा. त्याला आंतर जोडलं की ‘आतून कार्यक्षम’ वाटतं. ‘आंतरचालनीय’ करा.

अंबड_वायरलेस:
चालनीय म्हणजे चालवण्याजोगं, बस्स. समजा एका खात्याकडे टेट्रा आहे, दुसऱ्याकडे डीएमआर; दोन्ही डिजिटल वायरलेसची प्रमाणं, पण वेगवेगळी. टेट्रात २५ किलोहर्ट्झच्या वाहक लहरीवर ४ टाइमस्लॉट, डीएमआरमध्ये १२.५ वर २. कोडेक, म्हणजे आवाजाचे आकडे करण्याची पद्धत, तीही निराळी, म्हणजे हवेत दोघांची गाठच पडत नाही. मग मधे गेटवे बसवतात: एका संचातून आवाज काढायचा, दुसऱ्यात घालायचा. दोनदा कोडिंग झाल्याने आवाज घोगरा होतो. शिवाय पलीकडचा चॅनेल मिळेपर्यंत सुरुवातीची अक्षरं गळतात. बटण दाबून सेकंदभर थांबलं नाही, तर ‘रामकुंड बंद करा’चं ‘कुंड बंद करा’ होतं. लक्ष्मणकुंड की सीताकुंड, बसा शोधत! ही झाली दुभाषी जोडणी. इंटरऑपरेबल म्हणजे दुभाष्याविना.

भगूरकर:
मग ‘परस्परसंवादी’ घ्या ना. सावरकरांचा ‘महापौर’ रुळलाच की.

पंचवटीकर:
परस्परसंवादी ‘इंटरॅक्टिव्ह’ने केव्हाच पटकावलाय. आणि ‘भ्रमणध्वनी’ लग्नपत्रिकेपुरता उरला, तेही सांगा.

सातपूर_फिटर:
‘जुळणारं’ का नको?

अंबड_वायरलेस:
कारण जुळतं ते चालतंच असं नाही. हे तुम्हीच सांगाल, फिटरदादा.

सातपूर_फिटर:
खरंय. पाइपाच्या आट्यांची दोन प्रमाणं घ्या, अर्धा इंची बीएसपी (ब्रिटिश) आणि एनपीटी (अमेरिकन), दोन्हींत इंचाला १४ आटे. पण कोन एकाचा ५५ अंश, दुसऱ्याचा ६०. दोन-तीन फेरे मस्त जातात, मग अडकतं. रेटून बसवलंत तर दाब आला की गळतं.

गोदाकाठ:
म्हणजे ‘सामाईक संदर्भ’ इथे आट्यांच्या तक्त्यासारखा? मग आर्किटेक्चरला ‘आराखडा’ चालेल?

अंबड_वायरलेस:
चालेल. त्यात संच कोणत्या कंपनीचा हे नसतं; कोणत्या सांध्यावर (इंटरफेसवर) काय देवघेव होणार, ते असतं. पी-२५ या अमेरिकन वायरलेस प्रमाणामध्ये संच आणि टॉवर यांच्यातल्या हवेतल्या सांध्याला एक प्रमाण, दोन यंत्रणांमधल्या सांध्याला दुसरं. निविदेत पहिलंच मागितलं, तर कोणत्याही कंपनीचा संच त्या टॉवरवर चालतो, पण शेजारच्या जिल्ह्याची यंत्रणा जोडायला पुन्हा दुभाष्याच लागतो. म्हणून टिपणात ‘सांधा’ हा शब्द हवाच.

भगूरकर:
‘संदर्भ’ही इथे चपखल आहे. सम् आणि दृभ्, म्हणजे एकत्र गुंफणं. सांधे गुंफणारा तो संदर्भ!

पंचवटीकर:
मूळ बरोबर, पण आज संदर्भ म्हटलं की ग्रंथालयच आठवतं. आणि गोदाकाठ, ‘आंतर’च ठेवा. ‘अंतर’ लिहिलंत तर लोक किलोमीटर विचारतील.

भगूरकर:
आंतरराष्ट्रीय की अंतरराष्ट्रीय, यावर वेगळा धागा काढू या का?

सातपूर_फिटर:
त्याआधी हे सांगा, ‘आटे’ लिहायचं की ‘आंटे’? आमच्या शॉपमध्ये निम्मे लोक अनुस्वार देतात.

पंचवटीकर:
आटे. अनुस्वार कशाला?

सातपूर_फिटर:
बोलताना नाकातून येतो म्हणून.