बॅकअपला रूट कशाला? (कालच्या 'पोरखेळ'ला उत्तर)

घाटमाथा:
काल इथे कुणीतरी ठणकावून लिहिलं, "बॅकअपचं सॉफ्टवेअर सुडोनेच टाकायचं. होममध्ये बायनरी ठेवणं हा पोरखेळ." वाचून झोप उडाली, म्हणून सविस्तर लिहितोय. (सुडो म्हणजे रूटचे, सर्वाधिकारी खात्याचे, हक्क घेऊन कमांड चालवणं. होम म्हणजे युजरचं स्वतःचं फोल्डर, बायनरी म्हणजे चालवायला तयार प्रोग्रामची फाइल.)

पीएचडी करत होतो तेव्हा लॅबचा सर्व्हर चाळीसेक जणांत. रूट एकट्या सरांकडे, पॅकेज हवं तर अर्ज करा. माझा अर्ज अडीच महिने पडून. शेवटी रेस्टिक या बॅकअप प्रोग्रामची बायनरी उतरवली, चेकसम जुळवून फाइल अस्सल असल्याची खात्री केली, चमॉडने तिला चालवायची परवानगी दिली आणि होममधल्या बिन फोल्डरमध्ये टाकली. गोमध्ये लिहिलेली एकच फाइल, मागे लायब्ररींचं लटांबर नाही. क्रॉनटॅब (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची यादी) माझा, रात्री दोनला बॅकअप. मे महिन्यात एसी बंद पडला आणि डिस्क गेली. माझा प्रबंध वाचला. अर्जाच्या उत्तराची वाट बघत बसलेल्या दोघांचे नाही वाचले. माझ्या फायली माझ्या मालकीच्या, त्या वाचायला रूट कशाला?

रात्रपाळी:
ते मीच लिहिलं होतं आणि मागे घेत नाही. तुम्ही एका माणसाच्या फायली वाचवल्यात. मी सर्व्हर सांभाळतो.

एका छोट्या कंपनीत माझ्या आधीच्या माणसाने साध्या युजरने रेस्टिक लावलेला. त्या युजरला पोस्टग्रेस या डेटाबेसचं फोल्डर वाचता येत नव्हतं. अशा वेळी रेस्टिक थांबत नाही. जे वाचता येतं त्याचा स्नॅपशॉट (त्या क्षणाची प्रत) घेतो आणि शेवटी एक्झिट कोड ३ देतो, म्हणजे काही फायली वाचता आल्या नाहीत. तो बघणार कोण? सात महिने सगळे निर्धास्त. सर्व्हर गेला, रिस्टोअर केलं, तर बिलांच्या पीडीएफ सगळ्या आल्या, डेटाबेस नाही. अकाउंट्सच्या ताई आणि मी तीन रात्री पीडीएफ बघून आकडे टाइप केले. त्यांच्या बोटांना सूज आली होती. पोरखेळ हा शब्द तिथून आलाय.

घाटमाथा:
ताईंचं वाईट वाटलं. पण चालू पोस्टग्रेसचं फोल्डर रूटने उचललं असतं तरी ते भरवशाचं नव्हतंच. पीजी-डंप (डेटाबेसकडूनच घेतलेली सुसंगत प्रत) काढायचा असतो, आणि त्याला रूट लागत नाही. दोष परवानगीचा नाही, लावणाऱ्याचा आहे.

रात्रपाळी:
पीजी-डंप मला शिकवू नका. सर्टिफिकेटच्या खासगी की, इतर युजरांची होम, हे कशाने उचलणार? आणि साध्या युजरने रिस्टोअर केलं की सगळ्या फायलींची मालकी त्याच्याच नावावर. मालकी बदलणाऱ्या चाउनला रूट लागतो. शिवाय होममधली बायनरी तुमच्या नावाने चालणारा कुठलाही प्रोग्राम बदलू शकतो.

खिडकीवाला:
विंडोजवर वाद तिथेच मिटतो. उघड्या फायली घ्यायच्या तर शॅडो कॉपी (डिस्कची त्या क्षणाची गोठवलेली प्रत) लागते, तिला अ‍ॅडमिन लागतो. ऑफिसच्या लॅपटॉपवर तो मिळत नाही. माझी मेलची फाइल दिवसभर उघडी, म्हणजे नेमकी तीच सुटते.

सुपारीबाग:
रूट-बिनरूट राहू द्या, पासवर्ड कुठे ठेवता ते सांगा. माझ्या भावाने अगदी नीट केलं होतं. अकरा वर्षांचे घरचे फोटो, आजीच्या शेवटच्या गणपतीचे सुद्धा, एन्क्रिप्ट करून माझ्याकडे रत्नागिरीच्या डिस्कवर. पासवर्डची फाइल? त्याच्याच होममध्ये. ती डिस्क मेली. बॅकअप आजही माझ्या कपाटात आहे, शाबूत, आणि उघडत नाही.

घाटमाथा:
धागा भरकटतोय.

सुपारीबाग:
भरकटू दे! तुम्ही दोघं परवानगीवर भांडताय आणि किल्ली दोघांचीही त्याच डिस्कवर असेल. खरं सांगा, आहे की नाही?

खिडकीवाला:
माझी होती. आत्ता कागदावर लिहून विम्याच्या फाइलीत ठेवली.

रात्रपाळी:
कागद भिजतो, हरवतो. रेस्टिकमध्ये 'की अ‍ॅड'ने एका रेपॉझिटरीला (बॅकअपच्या साठ्याला) दुसरा पासवर्ड लावता येतो. एक तुमचा, एक घरच्यांचा.

सुपारीबाग:
हे भावाला तेव्हा कुणी सांगितलं नाही. तुमच्यासारखे जाणकार सुडोवरच अडून बसतात.

रात्रपाळी:
राग समजतो, पण माझ्यावर काढू नका.

घाटमाथांना एवढंच देतो: चालवायला रूट लागत नाही. बायनरीला सेटकॅप कमांडने फक्त 'कॅप डॅक रीड सर्च' ही कुठलीही फाइल वाचायची मुभा दिली की साधा युजरही सगळं वाचू शकतो. पण ती फाइल रूटच्या मालकीची, परवानगी ७५० (मालक आणि गट सोडून कुणालाच चालवता येत नाही), आणि गट फक्त बॅकअपच्या युजरचा. नाहीतर जो कुणी ती चालवेल त्याला अख्खी डिस्क वाचता येईल. म्हणजे सुडो एकदा तरी लागलाच.

घाटमाथा:
सर्व्हरसाठी मान्य. लॅबमधल्या पोराला तो 'एकदा' सुद्धा मिळत नाही, त्याने काय करायचं ते तुम्ही अजून सांगितलेलं नाही.

बाकी तुमचं वाचून आज माझ्या क्रॉनचा एक्झिट कोड बघितला. ३ आहे. डॉकरने (प्रोग्राम वेगळ्या कप्प्यात चालवणाऱ्या साधनाने) माझ्याच होममध्ये बनवलेलं एक फोल्डर, मालक रूट, मला वाचता येत नाही. लॉग चाळला तर मार्चपासून सुटतंय. मालकी बदलून घेतली, आणि शून्य सोडून काहीही आलं की मेल यावी अशी ओळ टाकली. बायनरी होममध्येच राहील.